जुन्या मोटारीत एलईडी: मागे जरूर लावा, पुढे मात्र हात आवरा

ज्यांना वाद घालायचा आहे त्यांना शेवटपर्यंत थांबावे लागू नये, म्हणून मुख्य विधान आरंभीच मांडतो. ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी, जुनी जीप किंवा त्या पिढीतील कोणत्याही मोटारीच्या हेडलाइटमधून हॅलोजन बल्ब काढायचा आणि त्याच खाचेत बाजारात मिळणारा एलईडी बल्ब खुपसायचा, या प्रकाराला आज सर्रास 'अपग्रेड' म्हटले जाते. माझ्या मते हे प्रकाशशास्त्राचे सरळ उल्लंघन आहे. त्याचा आनंद गाडीमालक घेतो आणि त्याची किंमत समोरून येणारा सायकलस्वार, दुचाकीस्वार किंवा पादचारी मोजतो.

हे विधान एलईडीच्या विरोधात नाही. उलट याच लेखात पुढे मी जुन्या गाडीचे मागचे दिवे एलईडी करावेत, असा आग्रह धरणार आहे. एकाच तंत्रज्ञानाविषयी एकाच गाडीत दोन परस्परविरुद्ध सल्ले देणे विसंगत वाटेल. ते तसे का नाही, हे समजून घेणे म्हणजेच विज्ञान समजून घेणे. म्हणून विद्यार्थी मित्रांनी विशेषतः सावकाश वाचावे.

१. यशाची सावली

एलईडीचे यश निर्विवाद आहे. दृश्य लाल प्रकाश देणारा पहिला एलईडी १९६२ साली निक होलोन्याक यांनी तयार केला. निळ्या एलईडीसाठी मात्र जगाला आणखी तीन दशके थांबावे लागले, आणि त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाला म्हणून पांढरा मिळाला. पांढरा मिळाला म्हणून घराघरांतला पिवळा गोळा गेला. आपल्या देशात जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली आणि तिच्याखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. विज्ञान प्रयोगशाळेतून निघून कोट्यवधी घरांच्या छताला लटकल्याची इतकी ठळक उदाहरणे फारशी नाहीत.

परंतु यशाला सावली असते. घरातला बल्ब बदलताना आपण एक सोपा धडा शिकलो: जुना काढा, नवा लावा, प्रकाश वाढतो, वीज वाचते. हा धडा आपण जसाच्या तसा मोटारीच्या बॉनेटखाली नेला. येथेच घोटाळा झाला. घरातल्या दिव्याचे काम खोली उजळणे एवढेच असते. प्रकाश चार दिशांना गेला तरी भिंती त्याला परत पाठवतात, आणि कोणाच्याही जिवाला धोका पोहोचत नाही. हेडलाइटचे काम याहून फार वेगळे आहे. कोठे प्रकाश टाकायचा हे त्याला जितके कळावे लागते, तितकेच कोठे टाकायचा नाही हेही कळावे लागते.

२. हेडलाइट नावाचे उपकरण

शाळेत अन्वस्ताकार आरशाची आकृती आपण सर्वांनी काढलेली असते. नाभीवर ठेवलेल्या बिंदूतून निघालेले किरण आरशावर आदळून समांतर बाहेर पडतात. हे तत्त्व दहावीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मोटारीच्या हेडलाइटमध्ये याच तत्त्वाचा अत्यंत चातुर्याने वापर केलेला आहे.

१९७१ च्या सुमारास युरोपात रूढ झालेला एच-४ बल्ब घ्या. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत तोच बसतो. त्यात दोन तंतू असतात: एक अप्परचा, ६० वॅटचा; दुसरा डिपरचा, ५५ वॅटचा. अप्परचा तंतू नाभीजवळ असतो, त्यामुळे झोत सरळ दूर जातो. डिपरचा तंतू मुद्दाम नाभीच्या किंचित पुढे ठेवलेला असतो. नाभीच्या पुढच्या स्रोतातून निघून आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर आदळलेला किरण खाली वळतो आणि रस्त्यावर पडतो. खालच्या अर्ध्या भागावर आदळलेला किरण वर वळला असता आणि समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. तो जाऊ नये म्हणून डिपरच्या तंतूखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते.

ही वाटी बरोबर १८० अंशांची नसते. ती सुमारे १६५ अंशांची असते. उरलेल्या १५ अंशांचे काय? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्या १५ अंशांच्या फटीतून सुटलेला प्रकाश झोताच्या डाव्या कडेला थोडा वर चढवतो. त्यामुळे डावीकडचा पादचारी, मैलाचा दगड आणि झाडाचे खोड दिसते, आणि उजवीकडून समोर येणारा वाहनचालक मात्र अंधारात सुरक्षित राहतो. भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावला की जी स्पष्ट आडवी रेषा आणि डावीकडे चढत गेलेली तिरकी रेषा दिसते, ती या पत्र्याच्या इवल्याशा तुकड्याची करामत असते. पुढची उभ्या-आडव्या रेघांची काच हा झोत रस्त्याच्या रुंदीवर पसरवते.

म्हणजे बल्ब, आरसा आणि काच यांचे मिळून एकच उपकरण होते. डिपरचा तंतू जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरभर जाडीचा असतो. त्याची जागा मिलिमीटरच्या दशांश भागांत मोजून ठरवलेली असते. दुर्बिणीचे भिंग कोणी 'साधारण तेवढ्याच आकाराचे आहे' म्हणून बदलत नाही. हेडलाइटचा बल्ब मात्र आपण त्याच न्यायाने बदलतो.

३. खाचेत बसला म्हणजे जागेवर बसला असे नव्हे

आता एलईडी बल्ब पाहा. तंतू ही एक बारीक, तापलेली गुंडाळी असते आणि ती जवळजवळ सर्व बाजूंनी प्रकाशते. एलईडीची चिप सपाट असते आणि ती फक्त समोरच्या बाजूला प्रकाश टाकते. म्हणून उत्पादक धातूच्या एका पट्टीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवतात. पट्टीला जाडी असते, कारण चिपची उष्णता तिच्यातूनच मागे न्यावी लागते. परिणामी जेथे एक तंतू होता तेथे मध्ये फट असलेले दोन स्रोत येतात. डावी-उजवी बाजू झगमगते, वर-खाली अंधार राहतो. वाटीची नक्कल काही उत्पादक करतात, काही करत नाहीत. केली तरी तिचे स्थान मूळ बल्बइतके काटेकोर असेलच असे नाही.

आरसा मात्र तोच आहे. तो जुन्या तंतूसाठी घडवलेला आहे आणि चुकीच्या जागेवरून आलेला प्रकाश तो निष्ठेने चुकीच्याच दिशेला पाठवतो. भिंतीवर पाहिले तर स्पष्ट रेषेच्या जागी धुरकट डाग दिसतात आणि रेषेच्या वर, जेथे काळोख हवा, तेथे उजेडाचे ठिपके उमटतात. त्यांतला प्रत्येक ठिपका रस्त्यावर कोणाच्या ना कोणाच्या बाहुलीवर पडणार असतो.

'पण मला तर पूर्वीपेक्षा जास्त दिसते!' हा यावरचा हमखास प्रतिवाद असतो. दिसते, हे खरे. मात्र कोठे दिसते ते तपासा. अशा बल्बांचा बराचसा प्रकाश गाडीच्या नाकासमोरच्या काही मीटरांत सांडतो. तो पांढराशुभ्र पट्टा पाहून मन सुखावते. डोळा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पलीकडच्या मंद उजेडातली वस्तू ओळखण्याची त्याची क्षमता घटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर अंतर कापते. चालकाला उपयोग असतो तो पन्नास-साठ मीटर पुढच्या प्रकाशाचा. पायाशी सांडलेला उजेड डांबराचे खडे मोजायला बरा.

४. ल्युमेनचा बाजार

डब्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते: '२०,००० ल्युमेन'. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या आकड्यावर एक गुणाकार करून पाहावा. आजचे चांगले पांढरे एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ते १५० ल्युमेन देतात. बल्ब ३० वॅट वीज घेत असेल, तर त्यातून तीन ते साडेचार हजार ल्युमेन निघतील. वीस हजार ल्युमेन हवे असतील तर १३० ते २०० वॅट लागतील, आणि तेवढी उष्णता घालवायला बल्बमागच्या अंगठ्याएवढ्या पंख्याच्या जागी टेबलफॅन बसवावा लागेल.

तरीही वाद म्हणून आकडा खरा मानू. मग गोष्ट अधिकच गंभीर होते. एच-४ च्या डिपरचा प्रमाणित प्रकाशप्रवाह १,००० ल्युमेन आहे. आरशाची आणि काचेची रचना तो आकडा गृहीत धरून केलेली असते. समोरच्याच्या डोळ्यांत किती उजेड गेला तर चालेल याचा हिशेबही त्याच आकड्यावर उभा असतो. त्या आरशात तिप्पट-चौपट प्रकाश ओतला तर चकाकीही तिप्पट-चौपट होते. थोडक्यात, डब्यावरचा आकडा खोटा असेल तर ती ग्राहकाची फसवणूक आहे आणि खरा असेल तर ते समोरच्या माणसावरचे संकट आहे. तिसरी शक्यता मला तरी दिसत नाही.

आणखी एक मुद्दा. ल्युमेन हे स्रोतातून निघालेल्या एकूण प्रकाशाचे माप आहे. रस्त्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. विशिष्ट दिशेला किती तीव्रता गेली ते कँडेला सांगते आणि विशिष्ट पृष्ठावर किती उजेड पडला ते लक्स सांगते. हेडलाइट पारखायचा असेल तर ही दोन मापे हवीत. विकणारा ल्युमेन सांगतो, कारण ल्युमेनला दिशा नसते आणि दिशेनेच त्याचे पितळ उघडे पडते.

५. समोरचा डोळा

काळोखात आपण पाहतो ते बऱ्याच अंशी दृष्टिपटलावरील दंडाकार पेशींच्या बळावर. त्यांतील ऱ्होडोप्सिन हे रंजकद्रव्य प्रकाश पडताच विघटित होते आणि ते पूर्ववत होण्यास वेळ लागतो. अंधाराशी पूर्ण जुळवून घ्यायला डोळ्याला अर्धा तास लागू शकतो. झगझगीत झोताने ते जुळवून घेणे क्षणात मोडते. शिवाय तो झोत डोळ्याच्या भिंगात आणि द्रवात विकिरित होतो आणि दृष्टिपटलावर धुक्याचा पातळ पडदा पसरावा तसे घडते. वस्तू तेथेच असते. तिच्यातला आणि पार्श्वभूमीतला फरक नाहीसा होतो. वय वाढले, मोतीबिंदूची सुरुवात झाली की हा पडदा दाट होतो. समोरून येणाऱ्याला सावरायला तीन सेकंद लागले असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने तो तेवढ्यात ५० मीटर जवळजवळ आंधळेपणाने गेलेला असतो.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतले किती बळी चकाकीचे, हे सांगण्याचा दावा मी करत नाही. परंतु ज्या देशात मृतांमध्ये दुचाकीस्वारांचा आणि पादचाऱ्यांचा वाटा इतका मोठा आहे, तेथे त्यांच्याच डोळ्यांच्या उंचीवर पांढरा झोत मारून त्याला हौस म्हणणे मला असभ्यपणाचे वाटते.

येथे आपल्याच बाजूच्या एका लाडक्या समजुतीचीही झडती घेऊ. 'निळसर प्रकाश धुक्यात जास्त विखुरतो, पिवळा धुके भेदतो,' असे सांगून आकाशाच्या निळेपणाचा दाखला दिला जातो. तो नियम प्रकाशाच्या तरंगलांबीहून फार लहान कणांना लागू पडतो. धुक्याचा थेंब साधारण दहा मायक्रोमीटरचा, म्हणजे तरंगलांबीच्या वीसपट असतो. तो सर्व रंगांना जवळपास सारखेच विखुरतो. म्हणूनच तर धुके पांढरे दिसते. थंडीत गंगेच्या मैदानात एलईडी लावलेल्या जुन्या गाडीसमोर पांढरी भिंत उभी राहते, तिचे मुख्य कारण झोताची दिशा हे आहे. आडव्या रेषेच्या वर गेलेला प्रकाश थेंबांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांत परत येतो. निळसर प्रकाश डोळ्याला अधिक बोचतो, हे खरे. परंतु येथे खरा गुन्हेगार दिशा आहे. युक्तिवाद आपल्या बाजूचा असला म्हणून चुकीचा दाखला चालवून घेऊ नये.

६. 'नव्या गाड्यांत तर एलईडीच असतात!'

असतात, आणि उत्तम असतात. कारण तेथे आधी एलईडी निवडला जातो आणि मग त्याच्याभोवती भिंग, आरसा, पडदा आणि उष्णता वाहून नेणारी रचना घडवली जाते. म्हणूनच जुन्या सात इंची गोल हेडलाइटसाठी स्वतःचे भिंग असलेले, मान्यताप्राप्त आणि डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेले संपूर्ण एलईडी युनिट वैज्ञानिकदृष्ट्या समर्थनीय ठरू शकते. तेथे स्रोत आणि प्रकाशिकी यांची जोडी मोडलेली नसते. मात्र उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनवलेले युनिट आपल्याकडे बसवले की वर चढणारी कड नेमकी समोरच्या चालकाकडे वळते. खरेदी करताना हा प्रश्न विचारणारे ग्राहक कमी, आणि त्याचे उत्तर ठाऊक असणारे दुकानदार त्याहून कमी.

जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बांना हॅलोजनच्या जागी बसवण्याची मान्यता मिळू लागली. ती कशी मिळते ते पाहण्यासारखे आहे: विशिष्ट बल्ब, विशिष्ट गाडीच्या विशिष्ट हेडलाइटमध्ये तपासून, त्या जोडीपुरती. 'सर्व गाड्यांना चालेल' असे लिहिलेला डबा तेथील कसोटीला उतरत नाही. मान्यता बल्बला मिळत नाही, जोडीला मिळते. आपल्या नियामकांनी उचलावी अशी ही पद्धत आहे.

७. मग जुन्या गाडीचा उजेड मंद का?

गाडीमालकांची तक्रार खोटी नसते. जुन्या ॲम्बॅसडरचा डिपर खरोखरच मेणबत्तीसारखा वाटतो. पण रोगनिदान चुकते. बल्ब सहसा निर्दोष असतो. दोष तारेत असतो.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांत हेडलाइटचा सगळा विद्युतप्रवाह डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून फिरून येतो. चाळीस-पन्नास वर्षांत तांबे काळवंडते, जोड सैल होतात, अर्थिंगच्या ठिकाणी गंज चढतो. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा व्होल्टेज गळतो. आणि तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा, की त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. १३.२ व्होल्टऐवजी बल्बला ११.२ व्होल्टच मिळाले, म्हणजे व्होल्टेज १५ टक्के घटले, तर प्रकाश सुमारे ४३ टक्के घटतो. त्यात आरशाची कल्हई उडालेली आणि काच धुरकटलेली असेल, तर उरलेल्यातलाही बराच आतच विरतो.

उपाय साधा आहे. बॅटरीपासून रिलेमार्फत हेडलाइटला थेट जाड तार द्या. अर्थिंग घासून स्वच्छ करा. आरसा काळवंडला असेल तर नवा बसवा. प्रमाणित ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब लावा आणि झोताची उंची भिंतीसमोर जुळवून घ्या. मूळ गाडीत हॅलोजनपूर्व काळातला ४५/४० वॅटचा बल्ब असेल तर त्याची बैठक एच-४ हून वेगळी असते. तेथे आरशासह पूर्ण युनिट बदलावे, खाच कापून बल्ब कोंबू नये. इतके केले की त्याच गाडीचा उजेड ओळखू येणार नाही इतका सुधारतो. तरीही बाजार एलईडी विकतो, कारण तार घासण्यात नफा नाही आणि डब्यावर छापण्यासारखा आकडाही नाही.

८. मागचे दिवे: येथे एलईडीचे स्वागत

आता दुसरी बाजू. जुनी गाडी एलईडीपासून सर्वस्वी दूर ठेवा, असे म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांशीही माझे भांडण आहे.

ब्रेकच्या दिव्यातला तंतू पूर्ण तापून उजळायला सुमारे ०.२ सेकंद घेतो. एलईडी जवळजवळ तत्क्षणी उजळतो. मागचे वाहन ताशी ८० किलोमीटर वेगाने येत असेल तर या ०.२ सेकंदात ते ४.४ मीटर पुढे सरकते. तीन बिंदूंचे सीटबेल्ट, एअरबॅग, एबीएस यांतले काहीच नसलेल्या गाडीसाठी मागच्या वाहनाला मिळालेले हे चार मीटर म्हणजे मोठी देणगी आहे.

डायनॅमो असलेल्या गाड्यांत विजेचा मुद्दाही खरा ठरतो. त्या काळच्या कित्येक डायनॅमोंची क्षमता सुमारे २२ अँपिअर होती, आणि इंजिन मंद फिरत असताना ते जवळपास काहीच देत नाहीत. दोन हेडलाइट नऊ अँपिअर खातात. वायपर, इग्निशन आणि २१ वॅटचे दोन ब्रेकदिवे त्यात मिळवा. सिग्नलला थांबलेल्या गाडीची बॅटरी रिती होत जाते. मागचे दिवे एलईडी केले तर ब्रेकचा साडेतीन अँपिअरचा भार एका अँपिअरच्या आत येतो.

मात्र येथेही विज्ञान सोडून चालत नाही. चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली: लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळा. तंतूचा वर्णपट सलग असतो, म्हणून लाल काच त्यातला लाल भाग सोडते आणि काम भागते. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे शिखर आणि फॉस्फरने दिलेला पिवळट डोंगर. त्यात लाल कमी असतो. लाल काच बहुतेक प्रकाश गिळते आणि मागे उरतो फिकट गुलाबी उजेड.

दुसरी: टेल आणि ब्रेक यांतला फरक ठळक राहिला पाहिजे. मूळ बल्बमध्ये हा फरक ५ आणि २१ वॅटचा असतो. स्वस्त एलईडीत दोन्ही सारखेच दिसतात, आणि रात्री ब्रेक लागला हे मागच्याला कळतच नाही.

तिसरी: इंडिकेटरचा जुना फ्लॅशर बल्बांनी ओढलेल्या प्रवाहाने तापणाऱ्या धातूच्या पट्टीवर चालतो. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की पट्टी तापतच नाही. यावर काही जण समांतर रोधक बसवतात. म्हणजे वाचवलेली वीज मुद्दाम उष्णतेत जाळतात. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे हाच सरळ मार्ग.

चौथी: तंतूला धन-ऋण कळत नाही, एलईडीला कळते. ब्रिटिश घराण्याच्या अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तेथे नेहमीचा एलईडी पेटणारच नाही. अल्टरनेटर असलेल्या गाडीत चार्जिंगच्या सूचक दिव्याला हात लावू नये. कित्येक रचनांत त्या इवल्या बल्बमधून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला जागे करतो.

आता लेखाच्या आरंभीची विसंगती उलगडते. मागच्या दिव्याचे काम 'मी येथे आहे, मी थांबतो आहे' हे सर्वांना दिसेल असे सांगणे. तेथे प्रकाश पसरला तर चालतो. पुढच्या दिव्याचे काम मोजून-मापून प्रकाश टाकणे. काम वेगळे, म्हणून निकष वेगळा. तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी आणि कशाच्या जोडीने, हे विचारल्यावाचून त्याला उत्तर नसते.

९. कायदा झोपलेला नाही, आपण झोपलो आहोत

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला असावा. इतका, की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला तो दिपवू शकणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा अर्थ लावताना, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत बदल होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही, असे स्पष्ट केले. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. त्यांतही वाहन मूळ रूपात जपलेले असावे, ही अट आहे.

म्हणजे नियम आहेत. नाही ती मोजणी. तपासणीच्या वेळी 'दिवा लागतो का' एवढेच पाहिले जाते. झोत कोठे पडतो हे पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. धुराला आकडा आहे म्हणून पीयूसी आहे. चकाकीलाही आकडा देता येतो, पण तो कोणी मागत नाही.

१०. मागणी आणि प्रयोग

माझ्या मागण्या तीन आहेत. हॅलोजनच्या खाचेत बसणाऱ्या प्रत्येक एलईडी बल्बची विक्री, तो कोणत्या हेडलाइटच्या जोडीने तपासला आहे हे छापल्याशिवाय होऊ नये. वाहन तपासणीत झोताची दिशा आणि तीव्रता मोजणे सक्तीचे व्हावे. आणि प्रामाणिक गाडीमालकासाठी मान्यताप्राप्त संपूर्ण युनिट बसवण्याचा सुटसुटीत, कायदेशीर मार्ग खुला असावा; कारण केवळ बंदीने चोरवाटा वाढतात.

सरकारची वाट न पाहता विद्यार्थ्यांना आज करता येण्यासारख्या दोन गोष्टी सांगतो. एक: सपाट जमिनीवर गाडी उभी करून नियम १०६ मधला तो बिंदू, ८ मीटर आणि १.५ मीटर, मोजपट्टीने शोधा. तेथे फोनमधील प्रकाशमापक धरून डिपरचा लक्स मोजा. आधी हॅलोजनचा, मग एलईडीचा. फोनचा निरपेक्ष आकडा विश्वासार्ह नसेल, पण एकाच फोनने घेतलेल्या दोन मापांची तुलना बरेच काही सांगून जाते. झोताकडे टक लावून पाहू नका. माप फोनला घेऊ द्या. दोन: जुन्या सीडीचा तुकडा घ्या, भिंतीवरून परतलेला दोन्ही दिव्यांचा प्रकाश अरुंद फटीतून त्यावर पाडा आणि वर्णपट पाहा. हॅलोजनचा सलग पट्टा आणि एलईडीचे निळे शिखर यांतला फरक एकदा पाहिला की विसरणे कठीण.

कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर बनणे २०१४ मध्येच थांबले. ज्या थोड्या गाड्या उरल्या आहेत त्या जपणाऱ्यांविषयी मला आदर आहे. त्यांना एवढेच सांगायचे आहे, की जपणूक म्हणजे त्या यंत्रामागचा विचार जपणे. डिपरच्या तंतूखालची ती पत्र्याची वाटी कोणा अभियंत्याने समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार करून घडवली होती. तुमच्या गाडीतला तो सर्वांत सुसंस्कृत भाग आहे. तो काढून टाकू नका.